शेंदराखालचे हात

हौदातल्या तांबड्या मातीत ताक, हळद आणि तेल कालवल्याचा वास आला की तालमीच्या दारात माझी पावलं आपोआप मंदावतात. आज सकाळी तो वास आला आणि दोन महिन्यांपूर्वीचा एक शनिवार जसाच्या तसा समोर उभा राहिला. त्या दिवशी आत आम्ही सातजण होतो : थकलेले वस्ताद, माझा पुतण्या, त्याचे चार दोस्त आणि हातात टेप घेतलेला मी.

पोरांना नवा मारुती हवा होता. पुतण्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. पोटावर सिक्स पॅक, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळ्यांत अंगार, पाठीशी उडता शेला. सिनेमातल्या परदेशी महावीरांच्या पंगतीत तो सहज खपला असता.

"जुना नदीत सोडूया, काका," पुतण्या म्हणाला. "त्येचं नाक-डोळं बी दिसंनात."

वस्ताद खांबाला टेकून म्हणाले, "त्यो गेला की मी बी ह्या दारात यायचा न्हाय."

मी मोजमापाचा माणूस. नवी मूर्ती जुन्या चौथऱ्यावर बसेल का, एवढंच पाहायला मला बोलावलं होतं. पण शेंदराची पुटं ओघळून चौथऱ्याच्या कडा बुजल्या होत्या. माप लागेना, म्हणून पोरं ती खरवडू लागली. एक खपली ओढली आणि मूर्तीवरची शेंदराची अख्खी खोळच सुटून आली. जाडी साडेचार इंच. आत एकोणीस इंचांचा काळा दगड.

छातीपाशी वळलेली मूठ म्हणून आम्ही लहानपणापासून जिच्याकडे पाहत आलो, ते जोडलेले दोन हात होते. मान खाली. गदा नव्हतीच.

चाळीस वर्षांपूर्वी त्याच मुठीकडे बोट दाखवून वस्ताद मला म्हणाले होते, तशी आवळ. आता ते चौथऱ्यापाशी येऊन बसले. "किती पोरास्नी मी ह्येची मूठ दावली," ते म्हणाले, "आनि ह्यो हात जोडून हुबा."

"म्हंजे डावच चुकीचा शिकिवला म्हना की," एक दोस्त पुटपुटला.

माझा धक्का तर आजही ओसरलेला नाही. रोज पाहिलेली गोष्ट मी एकदाही पाहिली नव्हती. सिनेमातला वीर छातीवर स्वतःचंच चिन्ह मिरवतो. आपली ताकद त्याला पाठ असते. आमच्या देवाला समुद्रकाठी दुसऱ्यांनी तिची आठवण करून दिली. उडी मारून, लंका जाळून तो परतला आणि उभा राहिला तो असाच. ही कथा मला तोंडपाठ होती. तरी शनिवारमागून शनिवार शेंदूर थापून आम्ही त्याचं जे केलं, ते मोबाइलमधल्या चित्राहून फारसं निराळं नव्हतं. पोरांना नावं ठेवायला मला जागाच उरली नाही.

पुतण्यानं मोबाइल खिशात घातला. "आता ह्येला पाण्यात कसं सोडायचं, काका? हात जोडल्यात की त्येनं."

नवी मूर्ती पुढं बाहेरच्या कमानीवर बसली. जुना मारुती आतच राहिला, आणि वस्तादही. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी वाटीत शेंदूर कालवला. देव म्हटला की शेंदूर आलाच; काळ थर चढवायचा थोडाच थांबतो? त्यांनी करंगळीनं कपाळाला, खांद्यांना पातळ रेघ ओढली आणि जोडलेल्या हातांच्या मनगटाशी थांबले. वाटीत निम्म्याहून जास्त शेंदूर तसाच उरला.