वहीदभाईंचा सालईचा डिंक

वहीदभाईंच्या घरून भाभींचा फोन आला तेव्हा मी क्लासवर पोरांना टॉर्क शिकवत होतो. "शिवाभाऊ, तुमचे भाई गेले," एवढंच त्या बोलल्या. मी फळ्यावरचं गणित पूर्ण केलं, मग खडू खाली ठेवला... त्याला आता महिना झाला. ते गणित का पूर्ण केलं, याची अजून लाज वाटते.

लातूरच्या आमच्या कॉलेजात वहीदभाई रसायनशास्त्र शिकवायचे, मी भौतिकशास्त्र. औशाला त्यांच्या अम्मीचे गुडघे कायम सुजलेले. नमाजला खाली बसता येत नाही म्हणून त्या रडायच्या. किनवटच्या जंगलात सालईचा डिंक काढणाऱ्या बायका तोच डिंक दुखऱ्या सांध्यांना लावतात, हे भाईंनी पाहिलं आणि माणूस हात धुऊन त्याच्या मागे लागला. सूज उतरवणारं त्यात नेमकं काय आहे, ते त्यांना वेगळं काढायचं होतं. दोन उन्हाळे एसटीनं नांदेड-किनवट करून त्यांनी नऊ झाडांचा डिंक आणला, एकाचा दुसऱ्यात मिसळू न देता. "शिवा, परतेक झाडाचा गुण येगळा हाय," म्हणायचे. मी चिडवायचो, "भाई, तुम्ही तर झाडांची हजेरी घेऊन राहिले!" हैदराबादची एक प्रयोगशाळा नमुने तपासायला तयार झाली. पार्सल बांधायचं तेवढं राहिलं होतं.

आणि त्र्याण्णवचा भूकंप झाला. भाई पहिल्याच ट्रकनं किल्लारीकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी निघालो, तेव्हा निरोप आला की प्रेतांचा वास सहन होत नाही, ऊद-धूप असेल तर आणा. मी कॉलेजातलं भाईंचं कपाट उघडलं. पिवळट खडे, ओळखीचा सुगंध... भाभी गुरुवारी घरात ऊद फिरवायच्या, तोच असेल असं वाटलं; डिंक तर हैदराबादला गेला, असंच मी धरून चाललो होतो. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत. नऊच्या नऊ बरण्या मी सरणांवर रिकाम्या केल्या. भाई तेव्हा पलीकडच्या गल्लीत ढिगारे उपसत होते.

परतल्यावर भाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, "माझा डिंक कुणी पाहिला का रे?" मी खाली मान घालून पेपर तपासत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा किनवटला गेले, तर त्यातली बरीच झाडं तोडलेली. मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. मीही कॉलेज सोडून तिकडं गेलो, आणि भाईंच्या प्रयोगशाळेत तास संपल्यावर थांबणारं कुणी उरलं नाही. ते डिंक गोळा करत राहिले, पण काम पुन्हा त्या टप्प्याला पोचलं नाही. अम्मी शेवटपर्यंत खुर्चीवर बसूनच नमाज पढल्या. दर ईदला त्यांच्या घरी मी शीरखुर्मा खाल्ला, तोंडातून शब्द मात्र काढला नाही. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

परवा भाभींनी त्यांची खोली आवरायला बोलावलं. तिथल्या कपाटाच्या खालच्या खणात, सहज हाताला येईल अशी, एक मोठी बरणी होती. "दर साली ही नव्यानं भरायचे," भाभी म्हणाल्या. "कशापायी, इचारलं तर नुसतं हसायचे."

या वेळी मी चिठ्ठी वाचली. अक्षर भाईंचंच होतं.

'शिवा, जाळायला हा घेत जा.'