हनुवटीची कांडी

काकूंच्या दुकानात बसायला काही नाही, हे गिऱ्हाइकांच्या कधी लक्षात आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं. गिऱ्हाईक चार लिमलेटच्या गोळ्या घेतं, एक तिथेच तोंडात टाकतं आणि गालाला फुगवटा आणून चालू लागतं. उभ्या राहायच्या त्या काकू, सकाळी दाराच्या फळ्या काढल्यापासून रात्री त्या परत लावेपर्यंत.

बसायचं म्हटलं तरी सोय नव्हती, कारण काउंटर. तो काकूंच्या सासऱ्यांनी करून घेतला होता आणि सासरे होते ताडमाड. त्यांच्या बरगडीला माप लावून सुताराने तो केला. पोरांचे हात बरण्यांपर्यंत पोचू नयेत, एवढाच त्यामागे विचार. पण पोरंच ती. हात पोचत नाही म्हटल्यावर हनुवटी लावून बघायला लागली. टाचा न उचलता एकाची हनुवटी काउंटरवर टेकली, तेव्हा सासऱ्यांनी खूश होऊन त्याला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक लांब कांडी फुकट दिली. एकदा दिली आणि कायमचे अडकले. तेव्हापासून आपल्या गल्लीत कुणाचं लग्न कधी झालं याबद्दल नवराबायकोत वाद होतील, पण कुणाची हनुवटी कधी टेकली याबद्दल होत नाहीत. काउंटरची पुढची कड हनुवट्या घासून अशी गुळगुळीत झाली आहे की माशी बसली तर घसरते.

काकू या घरात सून म्हणून आल्या, त्याच महिन्यात सासरे घरी जाऊन बसले. "आता पोरगी आली, ती बघेल," म्हणाले. पोरगी बघत राहिली. नवरा, म्हणजे काका, मागच्या खोलीत. पाक उकळायचा, तेल लावलेल्या दगडी फरशीवर ओतायचा, हाताला सोसवेल इतपत निवाला की भिंतीतल्या आकड्यावर टाकून ओढायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायचा, तो पांढराशुभ्र होईपर्यंत. काका मुळात कमी बोलणारे. त्यांच्या ओठांवर साखरेचा थर बसला असावा असा आमचा अंदाज आहे. छप्पर गळतंय, बघू. मुलीला स्थळ आलंय, बघू. मुलगी लग्न होऊन गेली, तिची मुलं शाळेत जायला लागली, काका अजून बघतायत. पाक उकळेपर्यंत बसायला त्यांच्याकडे एक स्टूल मात्र आहे.

या दुकानात गोळ्या कमी आणि आठवणी जास्त खपतात. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली मोठमोठी माणसं येतात, चांदीच्या कागदातल्या चॉकलेटांची बरणी बघून गहिवरतात. एक गृहस्थ कुठून तरी लांबून आले, वाकून हनुवटी काउंटरवर टेकवली आणि डोळे मिटून तसेच राहिले. मागे रांग लागली. काकूंनी थोडा वेळ जाऊ दिला, मग विचारलं, "रडून झालं असेल तर काय देऊ?"

त्यात राग नव्हता. काकूंना रागवायचाही कंटाळा आला होता. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांची बालपणं सांभाळायची म्हणजे पाळणाघरच की, फक्त यातली मुलं संध्याकाळी न्यायला कोणी येत नाही.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. काकूंचं मुंगीच्या पावलांनी आलं आणि हत्ती होऊन गुडघ्यात बसलं. रात्री त्या जिना चढायच्या तेव्हा आधी गुडघे वाजायचे, मग काकू दिसायच्या. शेवटी त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर याच गल्लीतले.

"काकू, उभं राहणं बंद," डॉक्टर म्हणाले. "पुढे चालायचं असेल तर आता बसा."

"बसले की मी दिसत नाही. काउंटर खाली घ्यावा लागेल."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "काउंटर नका हो कापू. माझी हनुवटी टेकली होती तिथे."

"तुमची हनुवटी एक दिवस टेकली, डॉक्टर. माझे गुडघे रोज टेकतायत."

तरी काकूंनी आधी दुसरे उपाय करून पाहिले. खुर्ची ठेवली. खुर्चीत बसलं की त्या बरण्यांच्या मागे बुडून जायच्या. लोक यायचे, "दुकान उघडं टाकून गेल्या कुठे?" म्हणायचे, काकू खालून "इथेच आहे" म्हणायच्या आणि एक बाई तर घाबरून गोळ्या न घेताच गेल्या. मग उंच स्टूल आणलं. त्यावर चढणं म्हणजे घोड्यावर चढणं, आणि बसल्यावर पाय लोंबकळून संध्याकाळपर्यंत असे सुजायचे की चपला हातात घेऊन घरी जावं लागे.

एका दुपारी चहा पिताना काकू काकांना म्हणाल्या, "एक तर काउंटर वीतभर खाली येईल, नाहीतर पुढच्या महिन्यापासून दाराच्या फळ्या निघणार नाहीत. माझ्याच्याने आता होत नाही."

काका म्हणाले, "बघू."

काकूंनी कप विसळला आणि स्वतः जाऊन सुताराला सांगून आल्या.

सुतार आला, पिशवी ठेवली, पट्टी काढली. तो माप घेतोय तोवर गल्ली गोळा झाली. सगळ्यांत पुढे पोस्टमास्तर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखे बोलतात.

"हा काउंटर तुमच्या एकटीचा नाही," त्यांनी शिक्का मारला. "पिढ्यांचा आहे. एखादी मुलगी ठेवा उभी राहायला."

"कांड्यांच्या कमाईत कोण येणार? तुम्हीच या की," काकू म्हणाल्या. "सकाळी नऊ ते रात्री नऊ. जेवायला मध्ये सोडीन."

पोस्टमास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले. त्या जागेत काकूंची नणंद शिरली. नणंदबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात, पण माहेरच्या काउंटरला करवत लागणार म्हटल्यावर त्या धुण्याचे हात तसेच घेऊन आल्या होत्या.

"वहिनी, हे काय चाललंय? बाबांचा काउंटर आहे हा. बाबांनी हयातभर इथे उभं राहून धंदा केला."

"वन्सं, बाबा मी आल्यावर घरी गेले ते परत आले नाहीत. हयातभर मी उभी आहे."

"एवढ्याशा गुडघ्यांसाठी?"

"घ्या ना मग तुम्ही. तुमचे द्या मला."

नणंदबाई हार मानायला आलेल्या नव्हत्या. त्यांनी मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "दादा, बाहेर ये. सांग हिला काहीतरी."

काका बाहेर आले. हाताला पाक चिकटलेला, त्यामुळे हात अंगापासून लांब धरलेले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं, मग बायकोच्या पायांकडे पाहिलं. सुजलेले घोटे चपलेच्या पट्ट्यांतून बाहेर आले होते. सगळी गल्ली 'बघू'ची वाट बघत होती.

"काप," काका सुताराला म्हणाले आणि आत गेले. पाक निवत होता.

मुका माणूस बोलला तर त्याच्याशी भांडायचं कसं? एवढ्यात सुताराने काउंटर आडवा करायला चार जणांना हात लावायला सांगितलं. "पाय कापायचेत," तो म्हणाला. "वरून कशाला कापू? वरचं लाकूड झकास आहे." म्हणजे हनुवट्यांची कड तशीच राहणार होती. पोस्टमास्तरांनी लगेच एका कोपऱ्याला हात लावला आणि पुढे आठवडाभर, आपल्या मध्यस्थीमुळे कड वाचली, असं सांगत फिरले. नणंदबाई मात्र शेवटपर्यंत हात न लावता उभ्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "बघायलासुद्धा येणार नाही मी."

दुसऱ्याच दिवशी त्या बघायला आल्या.

काकू खुर्चीत होत्या. पाय जमिनीवर, हात काउंटरवर, डोळ्यांसमोर रस्ता. इतक्या वर्षांत आपल्या दुकानासमोरचा रस्ता त्यांनी बसून कधी पाहिला नव्हता. नणंदबाईंनी काउंटरवरून हात फिरवला, काहीतरी खोट सापडते का ते पाहिलं. सापडायच्या आत शाळा सुटली.

आणि मग जे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं ते झालं. काकूंच्या नाही, सुताराच्या नाही, सगळ्या गल्लीची अक्कल आपल्याकडे गहाण आहे असं समजणाऱ्या पोस्टमास्तरांच्याही नाही. पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी पोरं दारात उभी होती. टाचा जमिनीला चिकटवलेल्या, माना ताठ. काउंटर वीतभर खाली आला होता, म्हणजे रात्रीतून अख्खी प्राथमिक शाळा वीतभर मोठी झाली होती. पहिल्या पोरीने हनुवटी टेकवली आणि हात पुढे केला.

"टेकली."

"अगं, ती तुझी नाही टेकली," नणंदबाई म्हणाल्या. "काउंटर खाली आलाय."

"पण टेकली ना?" मागचा एक म्हणाला. "टाचा बघा हवं तर."

नणंदबाईंनी खरोखरच वाकून टाचा बघितल्या. रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. त्यांनी भावजयीकडे पाहिलं. काकूंनी सगळ्या हनुवट्यांवरून एकदा नजर फिरवली. वाद घालायचा तर उठून उभं राहावं लागलं असतं.

"द्या," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना द्या, वन्सं. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

कांड्यांची बरणी वरच्या फळीवर. काकू उठणार, इतक्यात नणंदबाईंनी त्यांचा खांदा दाबून बसवलं आणि बरणी स्वतः उतरवली. मग त्या देत सुटल्या. प्रत्येक हनुवटी तपासून, एकाची टाच उचललेली दिसली म्हणून त्याला रांगेच्या शेवटी पाठवून, थेट बाबांसारख्या. बरणी निम्मी झाली, मग तळ दिसायला लागला. आतून काकांनी एकदा डोकावून पाहिलं, किती ओढायचं आहे याचा हिशेब केला आणि मुकाट्याने पातेलं चढवलं.

पोरं पांगली. दुकानात एकदम सामसूम झाली. नणंदबाई बरणीला झाकण लावायला वळल्या आणि थांबल्या. काकूंनी दमून हात खाली सोडले होते आणि हनुवटी काउंटरच्या गुळगुळीत कडेवर टेकवली होती. डोळे अर्धे मिटलेले.

"वहिनी."

"अं?"

"टेकली."

काकूंच्या ध्यानात यायला वेळ लागला. त्या इथे आल्या तेव्हा पुऱ्या वाढलेल्या होत्या. त्यांची हनुवटी कुणी मोजली नव्हती. नणंदबाईंनी बरणीच्या तळाशी हात घातला. एकच कांडी उरली होती.

"तुम्ही घ्या," काकू म्हणाल्या. "तुम्हाला सवय असेल."

"कसली सवय? मला बाबांनी कधी दिलीच नाही. घरच्या पोरीला काय द्यायची, म्हणाले. सगळ्या वर्गात मी एकटी."

काकूंनी मान न उचलताच कांडी घेतली, काउंटरच्या कडेवर आपटली आणि मोठा तुकडा नणंदेला दिला. दोघी चोखत राहिल्या. बोलायला तोंडात जागा नव्हती.

जरा वेळाने नणंदबाईंनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मग परत पहिल्यावर.

"वहिनी, किती वेळ उभी आहे गं मी. दुसरी खुर्ची नाही का या दुकानात?"

काकूंनी गालातला तुकडा या बाजूचा त्या बाजूला केला.

"बघू," म्हणाल्या.