साडेतीनच्या दोन रिंगा

अशा सदरात कुणी अनुभव लिहिला की खाली "पुरावा?" एवढंच विचारून जाणारा एक आगाऊ माणूस असतो ना... तो मी. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर काहींना आनंदाच्या उकळ्या फुटतील. फुटू द्यात. माझा या कशावर विश्वास नव्हता, आजही नाही. शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे, आणि जे सांगणार आहे ते माझ्याच विषयातलं असूनही मला सुटलेलं नाही.

काळ दोन हजार सालाच्या आगेमागे. पुण्यात चौकाचौकात कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि मोबाईल फक्त बिल्डर लोकांच्या पट्ट्याला दिसायचा. आम्ही बिबवेवाडीत, तीन मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. आई शाळेत शिक्षिका. बाबा खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात सुपरवायझर — म्हणजे एकदाही चुकायची सोय नाही अशा जागी आयुष्य काढलेला माणूस. घरातही तोच खाक्या. चप्पल वाकडी काढली तरी कारण द्यावं लागायचं.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जायचो. तिथूनच त्या उन्हाळ्यात जर्मनीला जायची संधी आली. चार आठवडे एका छोट्या गावात भाषेचा कोर्स, मग पाच आठवडे तिथल्याच युथ हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम, आणि त्या कमाईतून रेल्वेचा पास काढून दोन आठवडे भटकंती. कॉलेजचा पहिला महिना बुडणार होता, पण तो तसाही बुडायचाच.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं.

"हे बघ संदीप, परदेशातून गप्पा मारण्याइतके आपण मोठे नाही. रविवारी तुझ्याकडे दुपारचे बारा, म्हणजे आपले साडेतीन वाजले की घरी फोन लावायचा. दोन रिंगा झाल्या की ठेवायचा. आम्ही उचलणार नाही. दोन म्हणजे खुशाल. तिसरी वाजली तर तुला बोलायचंय असं समजून उचलू."

"आणि वाजलाच नाही तर?" आईने विचारलं.

"न वाजायला काय झालं? मुलगा आहे आपला, पाण्याचा टँकर नाही."

तेव्हा निम्मं पुणं असंच मिस्ड कॉलवर चालायचं, त्यामुळे यात मला काही विशेष वाटलं नाही.

जर्मनीत मजा आली. कोर्सला दहा-बारा देशांची मुलं होती आणि सगळ्यांचं जर्मन सारखंच वाईट, त्यामुळे मैत्री पटकन झाली. स्वयंपाकघरात हाना नावाची मुख्य आचारीण होती. मी सोललेल्या बटाट्याचं साल उचलून ती उजेडात धरायची आणि जाड निघालं तर नुसती माझ्याकडे बघायची. बाबांपासून इतक्या लांब आलो आणि इथेही बाबा! पण कामाची सवय मला लागली ती तिच्यामुळे.

रविवारी बाराला मी स्टेशनबाहेरच्या फोनबूथमध्ये कार्ड घालून उभा असायचो. एक रिंग... दुसरी रिंग... आणि ठेवून द्यायचा. कार्ड होतं तसं बाहेर यायचं. दुसरी रिंग ऐकताना आई ओले हात पदराला पुसत हॉलमध्ये उभी असणार, हे डोळ्यांसमोर दिसायचं. पहिले तीन-चार रविवार रिसीव्हर ठेवल्यावरही मी बूथमध्येच रेंगाळायचो. नंतर मात्र कंटाळा यायला लागला, खोटं कशाला बोलू.

काम संपल्यावर मी कोर्समधल्या दोघांबरोबर फिरायला निघालो — स्पेनची पिलार आणि पोलंडचा तोमेक. पास होता म्हणून मिळेल त्या गाडीत चढायचं, झोप गाडीतच उरकायची, जेवण म्हणजे पाव आणि चीज. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी तोमेक लोण्यावर पसरून खायचा आणि डोळ्यांतून पाणी काढत आणखी मागायचा.

भटकंतीचा पहिला रविवार ऑस्ट्रियात आला. आम्ही सकाळी डोंगर चढून एका तळ्यापाशी पोचलो होतो. फोन खाली, गावच्या स्टेशनवर. उतरायला तास-दीड तास. साडेदहाला मी सॅक उचलली.

"कुणाला फोन करायचाय?" पिलारने विचारलं.

"घरी."

"इतकं महत्त्वाचं काय बोलायचंय?"

"बोलायचं काही नाही. दोनदा वाजवून ठेवायचा."

दोघं हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. तोमेक म्हणाला, "म्हणजे हजेरी! शाळेतली!"

एकवीस वर्षांचा होतो. कानशिलं तापली. सॅक खाली ठेवली आणि म्हटलं, जाऊ दे, एक रविवार चुकला तर काय बिघडतंय. बारा वाजले तेव्हा घड्याळ बघितलेलं मला आठवतंय. पाय पाण्यात होते. आणि कबूल करतो, अख्ख्या सफरीतली ती सगळ्यात सुंदर दुपार होती.

पुढच्या रविवारी व्हेनिसच्या स्टेशनवरून नियमाप्रमाणे दोन रिंगा दिल्या. त्यानंतर तीन-चार दिवसांनी परत आलो.

विमानतळावर आई आणि मामा होते, बाबा नव्हते. पुण्याच्या वाटेवर गाडीत आईने सांगितलं — बाबांची बायपास झाली, आता बरे आहेत, तू सगळं टाकून येशील म्हणून कळवलं नाही. त्यांच्या छातीत दुखत होतं. डॉक्टरांनी शनिवारी सकाळीच अॅडमिट व्हायला सांगितलं, पण बाबा अडून बसले. "उद्या साडेतीनला पोराच्या रिंगा ऐकतो, मग येतो." आईने हातापाया पडून पाहिलं. ते हलले नाहीत. रविवारी भरलेली पिशवी पायाशी ठेवून फोनच्या शेजारी बसले.

"बरोब्बर साडेतीनला वाजला बघ," आई म्हणाली. "दोन रिंगा. मी देवाला हात जोडले. हे जरा वेळ फोनकडे नुसते बघत बसले, मग उठून चपला घातल्या. रिक्षाने गेलो. हॉस्पिटलात फॉर्म भरता भरता कोसळले रे! डॉक्टर म्हणाले, घरी असते तर हाती लागले नसते. तुझ्या रिंगांनी वाचवलं त्यांना."

मी विचारलं, कुठला रविवार? आईने सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तोच रविवार.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आईचा चेहरा असा काही उजळला होता की मी ते मिटून घेतलं. स्वतःची समजूत घातली — राँग नंबर असणार. कुणीतरी चुकून लावला, लक्षात आल्यावर ठेवला. साडेतीनलाच? योगायोग! पुढे आई ही गोष्ट येईल त्याला सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगायची, आणि मी जमिनीकडे बघत बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या महिन्यात घरची लँडलाईन बंद करायचा अर्ज घेऊन बाबांच्या सहीसाठी गेलो होतो. दुपारचा चहा चालला होता. काय झालं कुणास ठाऊक, बोलून गेलो.

"बाबा, तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी फोन केला नव्हता. विसरलो नव्हतो. मुद्दाम केला नाही."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "केला असतास तरी वाजला नसता."

"म्हणजे?"

"फोन बंद होता. शनिवारी दुपारपासून. रविवारी सकाळी मी उचलून पाहिला, टोनच नव्हता. तुझ्या आईला बोललो नाही."

"पण मग तुम्ही वाट कसली बघत होतात?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. "घाबरलो होतो रे. छाती फाडणार म्हणाले होते. फोन मेलाय म्हटल्यावर मला जरा बरंच वाटलं. आता वाजणार नाही, म्हणजे जायला नको. तिला म्हणणार होतो, पोराच्या रिंगा आल्याशिवाय मी हलत नाही. संध्याकाळपर्यंत तरी निभावलं असतं."

"आणि?"

"आणि वाजला."

मी उठलो आणि सरळ खाली गेलो. तळमजल्यावर शेखभाईंचं तेव्हा एसटीडी बूथ होतं, आता झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना विचारलं, बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा फोन बंद पडले होते का हो?

"पडले होते म्हणजे? रस्ता खोदणाऱ्यांनी अख्खी केबल उपटली होती! शनिवार दुपारपासून मंगळवारपर्यंत मी बूथमध्ये माश्या मारत बसलो होतो. भाभी डबा आणायला गेल्या होत्या तेव्हा साहेबांना भेटायला गेलो, तर त्यांनीही पहिलं हेच विचारलं. मी म्हटलं, साहेब, तब्येत सांभाळा, फोनचं काय घेऊन बसलात!"

ज्यांना यातलं कळतं त्यांच्यासाठी सांगतो. घंटी वाजायला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच केबलने येते. केबल तुटली की फोन म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा डबा. शेजारचा फोन ऐकू आला म्हणावं, तर शेजारचाही बंद. दारावरची बेल म्हणावी, तर आमच्या दाराला तेव्हा कडीच होती. आणि ऐकणारे दोघं होते.

वर आलो. बाबा तसेच बसले होते.

"मग तुम्हाला काय वाटलं, काय होतं ते?"

"चाळीस वर्षं दारूगोळ्यात काढली मी. मेलेली वस्तू आवाज करत नाही, एवढं मला कळतं." त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. "मला वाटलं, तू गेलास."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"वाटलं, तिकडे पोराचं काहीतरी झालंय आणि जाताना सांगून गेला. तुझ्या आईने तर हात जोडले होते. तिचा जीव भांड्यात पडला होता, तो परत बाहेर कशाला काढू? उठलो. म्हटलं, आता मला काय कापायचं ते कापा."

"आईला कधीच सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? आठवडाभर मनातल्या मनात तुझं सुतक धरून पडलो होतो. ती रोज येऊन सांगायची, संदीप आला की आपण अमुक करू, तमुक करू. मी हो म्हणायचो. पुढच्या रविवारी ती मुद्दाम घरी जाऊन बसली आणि धावत आली, वाजला म्हणून. मी विचारलं, नंतर उचलून बघितलास? टोन होता? तर म्हणाली, आजारी माणसाने नसत्या चौकशा करू नयेत. मग म्हणाली, होता. त्या दिवशी मी डबा पूर्ण संपवला."

एवढं बोलून त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

फोन कशाने वाजला, मला माहीत नाही. विचार करून, जुन्या सहकाऱ्यांना विचारून झालं, उत्तर नाही. आता शोधायचंही सोडलंय. पण तो आठवडा डोक्यातून जात नाही. मी व्हेनिसच्या गल्ल्यांतून आईस्क्रीम खात हिंडत होतो, आणि इकडे माझे बाबा छातीला टाके घेऊन, मी या जगात नाही असं धरून, आईसमोर माझ्या परत येण्याचे बेत ठरवत होते.