बोटसुद्धा लावलं नाही

मास्तर बायकांचे कपडे शिवायचे, पण तीस वर्षांत एकाही बाईच्या अंगाला त्यांनी टेप लावली नाही. "मापाला जुना कपडा आणा," एवढंच म्हणायचे. आयाबाया लेकींना डोळे झाकून त्यांच्याकडे पाठवायच्या. मास्तरांना त्याचा कोण अभिमान!

समोर बटणवालीचं दुकान. चार वाजले की ती हाक मारायची, "मास्तर, मशीन थांबवा! चहा गार झाला की खापर माझ्या डोक्यावर फोडाल." त्यांची बायको गेलेली, तिचा नवराही. वीस वर्षं हा चहा चालला. मास्तरांच्या मनात काय होतं ते सगळ्या बाजाराला कळत होतं. पण स्वतः बोलतील तर शपथ! आज बोलू, उद्या बोलू करत राहूनच गेलं.

एका दुपारी ती चहा घेऊन आली आणि त्यांच्याच दारात कोसळली. हाक मारली तर ओ नाही, श्वासही नाही. आणि मास्तरांना काय करायचं ते ठाऊक होतं हो! बाजारातल्या दुकानदारांना नर्सबाईंनी शिकवलं होतं: बाई असो की पुरुष, छातीच्या मधोमध तळहात ठेवायचे आणि अँब्युलन्स येईपर्यंत जोरजोरात दाबत राहायचं. मास्तरांनी गुडघे टेकले, हात पुढे केले, आणि ते हात वीतभर वरच थांबले. भोवती वीसेक माणसं जमलेली. लोक काय म्हणतील? "अहो, कुणीतरी बाईमाणूस या!" ते ओरडत राहिले. बघे नुसते बघत राहिले. अँब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं.

आता चार वाजले की मास्तरांचा पाय मशीनवर आपोआप थांबतो. समोरचं शटर बंद असतं. एकदा, फक्त एकदा ती हाक कानावर पडावी, एवढ्यासाठी जीव तुटतो त्यांचा.

परवा तिची लेक दुकानात आली. हातात मापाचा कपडा होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काका, आई पडली तेव्हा तुम्ही जवळच होतात ना?"

मास्तर चपापले. जन्माची सवय, तोंडून निघूनच गेलं, "होतो गं बाळा. पण देवाशपथ सांगतो, तुझ्या आईला बोटसुद्धा लावलं नाही."

पोरीचे डोळे भरून आले.

"का नाही लावलंत, काका?"