मलममावशीचा हात
आमच्या गल्लीतल्या पार्लरवालीला सगळ्या मलममावशी म्हणतात. भुवया कोरून झाल्या, चेहरा साफ झाला, की शेवटी बोटभर मलम फुकट. कधीकाळी कुणा डॉक्टरनं लिहून दिलेली अँटिबायोटिकची ट्यूब, पुढे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय नुसती मागून आणलेली. पुटकुळी दिसली की लावायचं, बसली की सोडायचं. माझ्या हनुवटीवर काही नसतानाही लावायची. "आधीच बंदोबस्त गं!" नाही म्हणायची कुणाची टाप होती?

स्वतःच्या बहिणीची मुलगी तिनंच लहानाची मोठी केली. पोरगी कॉलेजला निघाली की मावशी दोन्ही हातांनी तिचे गाल कुरवाळणार, हे रोजचं. त्या गालांवर मुरुमं आली तेव्हा मलमानं गेली. परत आली, परत गेली. यंदा मात्र ट्यूबा संपल्या तरी गाल सुजलेलेच, खड्डे पडायला लागलेले. पोरीनं कॉलेज सोडलं. पार्लर झाडतानाही आरशावर टॉवेल टाकायची.

मावशीचा जीव टांगणीला लागला. मला म्हणाली, "जगाचे चेहरे उजळवते आणि माझंच पोर तोंड लपवतंय. डॉक्टरकडे तू पण चल गं, मला धीर होत नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे मलम अजून कोण लावतं?"

"सगळेच! मीसुद्धा, रोज," मावशी अभिमानानं म्हणाली.

"ह्या मलमाला आता जंतू दाद देत नाहीत. अर्धवट लावून सोडलं की चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. घरात एकाच्या त्वचेवरून दुसऱ्याच्या त्वचेवर जातात. तुमच्याही चेहऱ्यावर असतील, हातावर असतील. घाबरू नका, औषध बदलू."

"खड्डे भरतील ना?"

"नवे पडू नयेत एवढं आधी बघू."

घाबरू नका म्हणे! रस्ताभर मावशी आपले तळवे पदराला पुसत होती. मला तिची काळजी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या हनुवटीचीही.

सोमवारी मी पार्लरमध्ये बसले होते. पोरगी ओढणीनं तोंड झाकून कॉलेजला निघाली, किती दिवसांनी! दाराशी थांबून तिनं ओढणी खाली केली आणि सवयीनं गाल पुढे केला. मावशीचे हात उचलले गेले आणि मध्येच थांबले.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही गं. हात ओले आहेत. जा तू, उशीर होईल."

हात चांगले कोरडे होते.