कनातीपलीकडचं बोलणं

आधीच सांगून टाकतो, मी सिनेमासाठी लिहिणारा झालो नाही. झालो असतो की नाही, देव जाणे. पण व्हायची वाट समोर होती आणि ती मी माझ्याच हातानं बंद केली. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागाच नाही, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

दसऱ्यात हिंगोलीला बोलपटांचा तंबू लागायचा. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया, मधे कनात. पडद्यावरचं बोलणं सगळं हिंदुस्थानी. आमच्या कनेरगावाकडच्या बायांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत, म्हणून आमच्या घरात ती भाषा एकट्या मलाच यायची. आई मला कनातीच्या कडेला बसवायची आणि विचारायची, "सांग रे, काय म्हनून राहिली ती?"

मी सांगायचो. पण नुसता अर्थ सांगून गप्प बसेल तो मी कसला! पडद्यावरची सासू काही का बोलेना, माझी सासू आमच्या गल्लीतली असायची. "काहून गं, पाय मोडले का तुहे? पानी काय तुहा बाप आनून देईल?" बाया हसून हसून बेजार व्हायच्या. आणि रडायच्या जागी मी आवाज उतरवला की पदर डोळ्यांना लागायचे. तंबूवाल्यानं मला कधी तिकीट मागितलं नाही.

एका वर्षी कनातीपलीकडे आमचे उर्दूचे मास्तर बसले होते. हिंगोलीतल्या जुन्या कापडवाल्या मुसलमान घराण्यातले, मोठे कडक. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. मला वाटलं, आता छडी. त्यांनी एक कोरी वही पुढं केली. "काल जे बोललास ना, ते लिही."

मी लिहीत सुटलो. हात उर्दू लिपीत चालायचा, बोलणं आणि माणसं मात्र आमच्याच गावची. भांडणं, मनधरण्या, बाजारातली घासाघीस, सगळं त्या वहीत उतरलं. मॅट्रिक झालो तेव्हा मास्तर म्हणाले, "हैदराबादच्या कॉलेजात जा. माझा भाऊ मुंबईला सिनेमा कंपनीत मुन्शी आहे, पात्रांचं बोलणं तोच लिहितो. चार वर्षं शिकून घे, मग तुला त्याच्या हवाली करतो. तेरी जबान में जान है बेटा, उसे संभाल." वडिलांचीही ना नव्हती. यापरतं काय पाहिजे होतं मला?

त्याच उन्हाळ्यात हद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातून, अमरावतीच्या कॉलेजातला माझा मावसभाऊ सुट्टीला आला. पांढरं धोतर, केसांना तेल, बोलणं पुस्तकातलं. माझी दोन वाक्यं ऐकून तो पोट धरून हसला. "बराबर काय, तकलीफ काय, करून राहिलो काय! अरे, सिनेमात लिहायचं तर आधी ही जीभ घासून काढ. अमरावतीला ये. शुद्ध मराठी शीक." आमच्याकडची शिकलेली पोरं तेव्हा अशीच होती. पलीकडच्या मुलखातला कुणी हसला की आपलं सगळं बोलणंच आम्हाला निजामाच्या खात्यातलं, हिणकस वाटायचं. मी आठवडाभर मळ्यातल्या विहिरीपाशी एकटा बसून "नाही, नाही" घोकलं, तोंडातून "न्हाई" जावं म्हणून.

हैदराबाद सोडून अमरावतीला निघालोय, हे मास्तरांना मी सांगितलंच नाही. भेटायला गेलो असतो तर त्यांच्यासमोर खोटं बोलता आलं नसतं.

वाशिमच्या मोटारीत बसलो. आमच्या गावाजवळचा नाका म्हणजे तेव्हा राज्याची हद्द. तिथं निजामाचा कारकून सगळ्यांच्या ट्रंका उघडून बघायचा. माझ्या ट्रंकेत वही निघाली. त्यानं सहज उघडली, दोन ओळी वाचल्या आणि मोठ्यांदा हसला. चिडवून नाही, खुशीनं. सासूचं बोलणं त्यानं शिपायाला वाचून दाखवलं, तोही हसला. "वा मियाँ! किसने लिखा?" मावसभाऊ शेजारीच उभा होता. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"माझी नाही," मी म्हणालो. "कुणाचीतरी आली असेल."

कारकुनानं वही टेबलावर ठेवली. मोटार सुटली. माझं लिखाण वाचून हसलेली अनोळखी माणसं ती दोनच, आणि त्यांच्यासमोर मी ते नाकारलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अमरावतीत चार वर्षं जीभ घासली. बक्षिसं मिळाली. शेवटच्या वर्षी एक आख्खी पटकथा लिहून कोल्हापूरच्या एका कंपनीला पाठवली. उलट कार्ड आलं: भाषा सुंदर आहे, पण तुमची माणसं बोलत नाहीत, निबंध वाचतात. मी चिडलो. त्यांनाच काही कळत नाही, म्हणालो.

अठ्ठेचाळीसच्या दसऱ्यात घरी आलो. निजामाचं राज्य गेलं होतं, नाक्यावर कुणी ट्रंक उघडली नाही. मास्तरांच्या घराला कुलूप होतं. ते लेकीकडे हैदराबादला गेले, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक.

त्याच आठवड्यात तंबू आला. आई हट्टानं घेऊन गेली. बायांना म्हणाली, "माहं लेकरू कालेजात शिकून आलं, आता पहा कसं सांगते!" त्याच बाया, थोड्या थकलेल्या, सरकून सरकून जवळ आल्या. पडद्यावर सासू बोलली. मी घसा साफ केला आणि सांगितलं, "हे सुने, तुझ्या या वर्तनामुळे माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे."

कुणी हसलं नाही. दुसरं वाक्य सांगितलं, तिसरं सांगितलं. बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी जुनी सासू आठवू लागलो. काहून गं, पुढं काय? ती येईचना. चार वर्षं जिला हाकलली ती हाक मारून कशी येणार?

आई माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "राहू दे बापा, तकलीफ नको घेऊ. आमी नुसतं पाहातो."