राजगीर : सातांपैकी पाच आंघोळी

आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही राजगीरला गेलो. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. तीस वर्षं मांडी घालून, मांडीवर सूप ठेवून तिने विड्या वळल्या होत्या. उठताना एक हात जमिनीवर, दुसरा भिंतीवर, मग ती. वस्तीतल्या एका बाईंनी सांगितलं की बिहारात राजगीरला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे सात आंघोळी केल्या आणि त्यांची काठी सुटली. आईने चौकशी केली तेव्हा कळलं, गृध्रकूट तिथेच आहे. बुद्ध ज्या टेकडीवर राहत ती.

"सात दिवस पाण्यात बशीन," ती म्हणाली, "आठव्या दिवशी टेकडी चढीन. आपल्या पायानं."

मी तेव्हा नागपूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवू लागलो होतो. पंधरा दिवसांची रजा मिळाली. जरीपटक्याच्या बाजारातून वातीचा स्टोव्ह आणि दोन जर्मनची पातेली घेतली. मावशीने नरखेडहून एस.टी.ने अर्धं पोतं संत्री पाठवली. नको म्हणण्यात अर्थ नव्हता.

जनरलच्या डब्याने गेलो. इटारसीला आणि मुगलसरायला गाडी बदलून गयेला उतरलो. बोधगयेत एक दिवस राहिलो. तिथलं पुष्कळांनी लिहिलं आहे. गयेहून राजगीरची बस सकाळी घ्यावी, दुपारपर्यंत पोचते. रस्ता खराब, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं. टपावर बकऱ्या होत्या. शेजारच्या बाईने आईला विचारलं, "तीरथ करे जा रही हैं?" आई म्हणाली, "नहीं बाई, घुटने."

राजगीर म्हणजे पाच टेकड्यांच्या मधलं लहान गाव. एकेकाळची मगधाची राजधानी. आता टांगे, धर्मशाळा आणि मफलर गुंडाळून फिरणारे बंगाली. ते हवापालटासाठी महिना महिना राहतात आणि भाजीवाल्याशी पोटाच्या तक्रारी बोलतात. धर्मशाळेत खोली तीन रुपये रोज. खाट नव्हती, पेंढा होता. थंडीत पेंढा बरा. खाली अजून आण्यांतच भाव सांगणारा एक म्हातारा लिट्टी, म्हणजे सत्तू भरून भाजलेले कणकेचे गोळे, विकत असे. एका वेळेला चार लिट्ट्या आणि चोखा, म्हणजे वांग्या-बटाट्याचं भरीत, पुरेसा होतो. बाकी भात आम्ही स्टोव्हवर करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडांवर गेलो. वैभार टेकडीच्या पायथ्याशी देवळं, देवळांच्या मधून पायऱ्या, पायऱ्यांच्या तळाशी पाणी. भिंतीतून धारा पडतात. थंडीत सगळीकडे वाफ असते आणि माणसं अर्धीच दिसतात.

दाराशी एक पंडा उभा होता. पन्नाशीचा, खांद्यावर शाल, काखेत लाल कापडात बांधलेली लांबट वही. मी त्याला विचारलं, "यहाँ का क्या नियम है?" परगावी गेल्यावर तिथली पद्धत आधी विचारून घ्यावी, असं माझं मत होतं.

"नियम तो संकल्प है," तो म्हणाला. "कहाँ से आए हैं?"

त्याने वही उघडली. माझं नाव, वडिलांचं नाव, गाव लिहिलं. मग तळहातावर पाणी घ्यायला लावलं.

"गोत्र?"

मी तळहातावरच्या पाण्याकडे बघितलं. मागे लोक थांबले होते. एकाच्या हातातला तांब्या माझ्या पाठीला लागत होता.

"याद नहीं? कोई बात नहीं. जिसका नहीं मालूम उसका कश्यप."

"कश्यप," मी म्हणालो.

"और माताजी का?"

आई दोन पायऱ्या खाली होती. लुगडं वर खोचलेलं, एक पाय घोट्यापर्यंत पाण्यात. "दोनों का वही," मी म्हणालो.

तिने पाय पाण्यातून काढला. कठड्याला धरून पायऱ्या चढली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. ओला पाय तिने चपलेत घातला नाही, चपला हातात घेतल्या.

मी मागून गेलो. "काय झालं, माय?"

"तू काय सांगतलं त्याले?"

"त्याले लिहाले काहीतरी पाह्यजे होतं."

"माहं काहून सांगतलं?"

"मागं गर्दी होती. एक शब्द त होता."

टांगेवाले आमच्याकडे बघत होते. ती थांबली.

"दीक्षाभूमीवर तू माह्या कडेवर होता," ती म्हणाली. "सगळे उभे राहून प्रतिज्ञा बोलून राहिले होते. तुले बोलता येत नव्हतं. तुह्या वतीनं मीच बोलली. मोठ्यानं बोलली. आज माह्या वतीनं तू हे बोलला."

एवढं बोलून ती पुढे चालायला लागली. धर्मशाळा अर्ध्या मैलावर होती. ती तीनदा थांबली.

त्यानंतरचा दिवस तिने अंगणात उन्हात काढला. संत्री सोलून बंगाली बायकांना दिली. "इतना दूर आया, नहाएगा नहीं?" एकीने विचारलं. "मेरे लडके ने नहाया," आई म्हणाली. मी न्हालो नव्हतो. ते तिला माहीत होतं.

मी रज्जुमार्गाने रत्नगिरीवर गेलो. जाणाऱ्यांसाठी सांगतो : प्रत्येक खुर्ची एकाच माणसाची असते. ती थांबत नाही, चालती धरून बसावं लागतं. वर पांढरा शांतिस्तूप आहे. खुर्चीत पाय अधांतरी असतात आणि शेजारी बोलायला कोणी नसतं. वरून कुंडांवरची वाफ दिसते का बघत होतो. दिसली नाही. टेकडी मधे येते.

संध्याकाळच्या आत खाली येऊन पंड्याला गाठलं. तो ओट्यावर बसून चणे खात होता. म्हटलं, आईला आंघोळ करायची आहे, पण संकल्प नको आहे. काही मार्ग आहे का?

"मार्ग क्या?" तो म्हणाला. "पानी हमारा थोड़े है. सुबह से सौ आदमी ऐसे ही नहाकर जाता है."

"फिर कल..."

"नियम आप पूछे थे. आप नियम पूछे, हम नियम बताए. नहाने का पूछते तो कहते, नहाइए."

मी ओट्यावर बसलो. त्याने मला चणे दिले.

आईला हे सांगायला मला वेळ लागला. तिने ऐकून घेतलं. "मंग उद्या जाऊ," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "इचाराचं त होतं."

सकाळी ती एकटी पायऱ्या उतरली. धारांखाली बायकांची रांग होती. नवाद्याकडच्या दोघींनी तिला मधे घेतलं. तास गेला. वर आली तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि तिने कठडा धरला नव्हता. किंवा मी पाहिलं तेव्हा धरला नव्हता.

पंडा दारातच होता. "माताजी, अब गुस्सा गया?"

"वही दिखाव," आई म्हणाली.

तो हसला, पण त्याने वही उघडली. प्रौढांच्या वर्गात ती वाचायला शिकली होती. ओळीवर बोट ठेवून तिने वाचलं : माझं नाव, वडिलांचं नाव, नागपूर, कश्यप, माता सहित.

"ये काटो."

"वही में काटते नहीं, माताजी. बाप-दादा के समय से नहीं काटे."

"तो नीचे लिखो."

त्याने तिचं नाव लिहिलं. नागपूर लिहिलं. टाक थांबला. "इसके आगे?"

"आगे खाली रखो."

"खाली जगह अच्छी नहीं लगती."

"मेरे को लगती."

त्याने जागा मोकळी सोडली, पुढच्या रकान्यात महिना आणि तिथी घातली, वाळू टाकली. आईने पदरातून दोन संत्री काढून वहीशेजारी ठेवली. "ये दक्षिणा नहीं है," ती म्हणाली. "संत्रे है."

"नागपुर का है, हम पहचानते हैं," पंडा म्हणाला.

परतताना ती मला म्हणाली, "माहं झालं. तुहं तू पाह्य."

पुढचे चार दिवस रोज आंघोळ झाली. पंडा रोज दारात दिसायचा. कधी त्याच्याभोवती यजमान असायचे, कधी तो जेवायला गेलेला असायचा. एकदा तो एकटाच होता. मी नमस्कार केला. तो म्हणाला, आज ठंड ज़्यादा है. मी म्हणालो, हो. वही त्याच्या काखेतच राहिली.

आठव्या दिवशी गृध्रकूट. टांग्याने पायथ्यापर्यंत जाता येतं, पुढे दगडी वाट आहे, राजाने बुद्धाला भेटायला जाण्यासाठी बांधलेली म्हणतात. धडधाकट माणसाला पाऊण तास लागतो, आम्हाला अडीच लागले. वर विटांचा चौथरा आहे, बाजूला गिधाडाच्या चोचीसारखा खडक. आई बराच वेळ बसली. तिने हात जोडले, ओठ हलले. मग एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं आणि साली पदरात बांधून खाली आणल्या.

निघताना बाजारातून सिलावचा खाजा घेतला, शेजारच्या गावची पापुद्र्यांची मिठाई. तो गयेपर्यंत टिकतो, नागपूरपर्यंत त्याचा चुरा होतो. वस्तीत चुराच वाटला.

गुडघे होळीपर्यंत बरे होते. उन्हाळ्यात पुन्हा धरले. आईने याबद्दल पाण्याला दोष दिला नाही. सात सांगितल्या होत्या, पाच झाल्या, असं म्हणायची. दोन का राहिल्या ते तिने वस्तीत कोणाला सांगितलं नाही.

जाणार असाल तर पौष-माघात जा, पांघरूण न्या, पहाटेची गर्दी टाळून दहाच्या सुमाराला उतरा. दर तेव्हाचे आहेत, आता उपयोगाचे नाहीत. आणि पाण्यात पाय घालण्याआधी नियम विचारू नका. न्हायचं आहे, एवढंच सांगा.

काही वर्षांनी तिने विड्यांचं काम सोडलं. सूप माळ्यावर टाकायला मी स्टुलावर चढलो होतो. ती खालून सूप वर देत होती.

"वहीतलं तुहं बरोबर करून घेतलं होतं ना, तिथं?" तिने विचारलं.

मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि हो म्हणालो.